नाच बसवायलाच हवा, असं मी मानत होते

पाच-सहा जणी एकत्र नाचणार असतील तर त्यांचं प्रत्येक पाऊल आधी बसवलेलं हवं, हे माझं मत अनेक वर्षं पक्कं होतं. एकटीच्या नाचात उपज हवीच. तबल्याशी सवाल-जवाब करताना आधी ठरवून आलेली नर्तकी मला फिकी वाटते. पण समूहात ऐनवेळी सुचलेलं काही करायचं म्हणजे गोंधळ, असं मी यवतमाळच्या माझ्या वर्गात मुलींना सांगत आले. आता सांगत नाही. मत का बदललं आणि कुठपर्यंत बदललं हे नीट लिहावंसं वाटतं, कारण त्या मताच्या आधारावर मी परीक्षकाच्या खुर्चीत बसून पुष्कळ मुलींचे गुण ठरवले आहेत.

ते मत हवेतून आलेलं नव्हतं. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत मी विशारदपर्यंत गेले. त्या शिक्षणात नाचणारी एकटी असते. साथीला तबला, लेहरा, पढंत करणारे गुरू, आणि मधोमध ती. कथकला समूहात आणण्याचं मोठं काम अहमदाबादला कुमुदिनी लाखिया यांनी केलं. त्यांच्या रचनांमध्ये माणसं रंगमंचावर अशी सरकतात की रिकामी जागासुद्धा आखून ठेवलेली वाटते. समूहनृत्य म्हणजे हे, अशी माझी धारणा झाली. ती आखणी आजही मला तितकीच प्रिय आहे.

मग आली आपल्याकडची स्नेहसंमेलनं आणि नवरात्रातल्या स्पर्धा. यवतमाळचा दुर्गोत्सव मोठा, आणि त्यानिमित्तानं होणाऱ्या नृत्यस्पर्धाही पुष्कळ. तिथल्या गुणपत्रिकेत एक रकाना हमखास असतो : एकसारखेपणा. हात एका उंचीवर, मान एका वेळी, रांग सरळ. ‘आदिवासी नृत्य’ नावाच्या गटात गोंडी ढेमसा, कोलामांचा नाच आणि बंजारा नाच हे सगळं एकत्र कोंबलेलं असतं. बंजारा समाज आदिवासींपेक्षा वेगळा, त्याची भाषा वेगळी, हा फरक तिथं कोणी पाळत नाही. मोबाइलवर ध्वनिमुद्रित गाणं, इंग्रजी व्ही अक्षराची रचना, शेवटी मनोरा. मुली तांड्यावरच्या असल्या तरी त्यांना नाच ‘बसवून’ दिलेला असतो. मीही बसवून दिला आहे, आणि बक्षिसंही मिळवून दिली आहेत.

अशा वेळी माझी एक जुनी विद्यार्थिनी, नोकरीनिमित्त पुण्याला असलेली, दिवाळीत घरी आली आणि म्हणाली, “मॅडम, मी सध्या ट्रायबल स्टाइल बेली डान्स शिकतेय. तुम्ही एकदा करून बघाच.”

मला दोन गोष्टी खटकल्या. बेली डान्स म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातलं क्लबमधलं गाणं यायचं. आणि ‘ट्रायबल’ हा शब्द अमेरिकेतल्या बायकांनी आपल्या नाचाला लावावा, हे मला पटेना. झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा, घाटंजी या तालुक्यांतले कोलामपोड, म्हणजे कोलामांच्या वस्त्या, मी पाहिलेले. कोलाम हा सरकारदरबारी अतिअसुरक्षित ठरवलेला आदिम समाज. त्यांच्या जिल्ह्यात राहून हे नाव तोंडात घेताना मला अवघड वाटलं.

पहिला आक्षेप वाचनानं सैल झाला. इजिप्तमध्ये या नाचाची पाळंमुळं लग्नसमारंभात, घरच्या बायकांच्या बैठकीत आहेत. अमेरिकेत त्याचं भडक रूप प्रसिद्ध झालं ते 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनामुळं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले होते. एका शहरात एकाच वर्षी पूर्वेकडच्या दोन गोष्टी अमेरिकेनं पाहिल्या; एकीला व्यासपीठ मिळालं, दुसरीला तमाशाचा तंबू. पोटाच्या आणि कमरेच्या हालचालींकडे बघण्याची जी नजर तिथं तयार झाली, ती हिंदी सिनेमातून माझ्यापर्यंत पोहोचली होती.

मला जे शिकायचं होतं ते मात्र फार जुनं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या जमिला सलीमपूर यांनी 1968 मध्ये ‘बाल अनत’ नावाचं पथक काढलं. त्यांच्या शिष्या माशा आर्चर, आणि माशांच्या शिष्या कॅरोलीना नेरिचिओ. कॅरोलीना यांनी 1987 मध्ये ‘फॅटचान्स बेलीडान्स’ हे पथक सुरू केलं. ठरावीक हालचालींचा संच सगळ्यांनी शिकायचा, प्रत्येक हालचालीला एक खूण ठरवायची, आणि रंगमंचावर कोणती हालचाल कधी येणार हे पुढं उभी असलेली नर्तकी त्या त्या क्षणी ठरवणार, असा हा प्रकार. 2020 मध्ये त्यांनी आपल्या शैलीच्या नावातून ‘ट्रायबल’ शब्द काढूनही टाकला. माझ्या दुसऱ्या आक्षेपाला तिथल्याच लोकांनी दुजोरा दिल्यासारखं झालं, आणि मी त्या विद्यार्थिनीकडून शिकायला तयार झाले.

आता त्याची रीत सांगते. तीन जणी असतील तर त्रिकोणात उभ्या राहतात. नाचणाऱ्यांच्या डाव्या हाताला, सगळ्यांत पुढं जी असते ती म्होरकी. सगळ्यांची अंगं थोडी डावीकडे वळलेली, म्हणजे मागच्यांना म्होरकी दिसते आणि प्रेक्षकांनाही कोणाची पाठ दिसत नाही. बोटांत झांजा. गाणं बहुतेक आठ मात्रांच्या ओळीत बांधलेलं. हात उचलला की अमुक, मनगट असं वळलं की तमुक. खूण द्यायची ती ओळ संपायच्या आत, म्हणजे नवी ओळ सुरू होताना सगळ्या मिळून नव्या हालचालीत असतात. कथकच्या माणसाला हे लगेच कळतं. समेवर यायचं तर तयारी समेच्या आधी व्हायला हवी. म्होरकी बदलते ती कधी समोरासमोर येऊन, नजर देऊन, कधी सगळ्या मिळून गोल फिरताना. गोलातून जी पुढच्या डाव्या कोपऱ्यात बाहेर पडेल ती पुढची म्होरकी. पाठ केलेली रचना कुठंच नाही. दोन वेगवेगळ्या देशांतल्या बायका, एकमेकींची भाषाही न येणाऱ्या, हा संच शिकलेल्या असतील तर तालमीशिवाय एकत्र नाचू शकतात.

कागदावर हे वाचून मला वाटलं होतं की हा खुणा पाठ करण्याचा खेळ आहे. गिरक्या शिकायला लागले आणि तो समज टिकला नाही.

कथकच्या गिरकीत माझं आयुष्य गेलं आहे. डाव्या टाचेवर अंग तोलायचं, कणा सरळ, आणि मान शेवटी वळवून सगळ्यांत आधी समोर आणायची. नजर प्रेक्षकांतल्या एका बिंदूवर परत परत येते म्हणून डोकं गरगरत नाही. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. सलग फिरलो की तो द्रवही फिरायला लागतो, आणि आपण थांबलो तरी तो थोडा वेळ फिरत राहतो. जमीन फिरल्यासारखी वाटते ती त्यामुळं. मान झटक्यानं वळवून नजर एका जागी बांधली की मेंदूला ठाव मिळतो. हे मी मुलींना शेकडो वेळा समजावलं आहे.

या नव्या नाचात ती सवयच आड यायला लागली. प्रत्येक गिरकीला माझी नजर समोरच्या भिंतीवर, म्हणजे प्रेक्षकांवर जाऊन बसायची, आणि म्होरकी डावीकडे. मी गोल पूर्ण करून समोर बघेपर्यंत तिचा हात उचललेला असायचा, आणि मी एक मात्रा मागं. माझी विद्यार्थिनी म्हणायची, “मॅडम, समोर कोणी नाहीये. माझ्याकडे बघा.” हे ऐकायला सोपं आहे. ज्या बिंदूवर मी पाठीच्या कण्यासारखा भरवसा ठेवला होता तो हलवायचा, आणि तो बिंदू म्हणजे एक जिवंत, स्वतःही फिरणारी बाई.

पण खरी गोष्ट याच्या पुढं आहे. गिरकी घेताना काही क्षण कोणालाच कोणी दिसत नाही. म्होरकीची पाठ वळलेली, मागच्यांचीही वळलेली. त्या क्षणात खूण देता येत नाही आणि घेताही येत नाही. म्हणजे गिरकीत शिरण्याआधी सगळं सांगून झालेलं हवं, आणि बाहेर आल्यावर सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, एकाच मात्रेवर हवं. त्या मधल्या काळात गट एकत्र राहतो तो फक्त लयीवर. कोणी आपली हौस म्हणून जोरात फिरली की तीच एकटी पडते. मी तशी एकटी पडले, कारण जलद फिरणं हीच माझी शान होती. गिरकी संपवून मी डौलात उभी, आणि बाकीच्या अजून अर्ध्या वळणात.

त्यात घागरा. या शैलीत पंचवीस वारांपर्यंत घेर असलेले घागरे घालतात. माझ्या अनारकलीचा घेर फिरताना फुलतो आणि थांबलं की पटकन खाली येतो. हा जड घेर अंगापेक्षा उशिरा फिरायला लागतो आणि आपण थांबल्यावर उलट येऊन पायांवर आदळतो. त्याला वेळ द्यावा लागतो. गिरकी कधी थांबवायची हे माझ्या पायांइतकंच त्या कापडानं ठरवलेलं असतं. शेजारणीच्या घेराचाही हिशेब ठेवावा लागतो, नाहीतर दोन घेर एकमेकांत अडकतात. तुर्कस्तानातल्या कोन्याच्या मेवलवी दर्वेशांचे पांढरे घेर एकमेकांना न लागता सभागृहभर फिरतात, ते याच जाणिवेनं. डावा पाय खांबासारखा रोवून, उजव्यानं ढकलत ते फिरतात. प्रत्येक जण स्वतःभोवतीही आणि सगळ्यांसोबतही.

मागं राहून नाचणं हे मला या काळात शिकावं लागलं. गुरूच्या मागं मी नाचले होते, पण ते शिष्या म्हणून. इथं मागं असणं ही एक पाळी आहे. थोड्या वेळानं आपण पुढं असणार, आणि आता जी पुढं आहे ती आपल्या मागं. त्यामुळं मागं असताना बघण्याची तऱ्हाच बदलते. म्होरकीचा खांदा किंचित उचलला की तिच्या मनात काय आहे हे कळायला लागतं, खूण पूर्ण होण्याच्या आधी. आणि पुढं असताना आणखी अवघड. मला सुचतंय ते मागच्या तिघींना पेलणार आहे का, दम लागलाय का कोणाला, उजवीकडची घोळात आहे का, हे पाठीमागं न बघता कळायला हवं. सोलो नाचताना मी फक्त माझ्या सुचण्याला जबाबदार होते. बसवलेल्या समूहात जबाबदारी तालमीतच संपलेली असते. इथं दोन्ही ओझी एकाच वेळी अंगावर. मी ज्याला शिस्त नसलेला नाच समजत होते त्यात मला आजवर माहीत असलेल्यापेक्षा जास्त शिस्त निघाली.

हे कळल्यावर मी आपल्याकडचे नाच पुन्हा बघायला गेले. परीक्षक म्हणून गेले नाही, नुसती जाऊन बसले.

दिग्रस-पुसदकडचा भाग बंजारा तांड्यांचा. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच भागातले, गहुलीचे. श्रावणात तांड्यांवर तीज असते. कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, त्याला पाणी घालतात, आणि रोज संध्याकाळी त्या टोपल्यांभोवती गाणी म्हणत गोल धरून नाचतात. मोठ्या बायकाही येतात. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या ती परत म्हणतात. कमरेतून वाकून टाळी, पाऊल पुढं, पाऊल मागं, आणि मधेच गिरकी. गिरकी कधी, हे कोणी सांगत नाही. मी बराच वेळ खूण शोधत राहिले, हात, मान, नजर. सापडेना. शेवटी शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, “याडी, आता फिरायचं हे यांना कसं कळते?”

ती म्हणाली, “गानं आयक नं बाई. पायाकडे पाहू नोको.”

मग मी ऐकलं. ओळ उचलणारी बाई विशिष्ट ठिकाणी स्वर थोडा ताणत होती, आणि त्या ताणलेल्या स्वराच्या शेवटाला सगळा गोल वळत होता. एखादी ओळ ती दोनदा म्हणे, एखादी चारदा, मनाला येईल तसं. म्हणजे खूण गळ्यात होती. गिरकीत पाठ फिरली तरी ऐकू येतंच. डोळ्यांची जी अडचण मला सतावत होती ती त्यांना नाहीच. गोल असल्यामुळं पुढचा डावा कोपराही नको. प्रत्येकीला बाकीच्या सगळ्या दिसतात. बारा-तेरा वर्षांची मुलगी पंचावन्नच्या बाईशेजारी नाचत होती, आणि पाऊल चुकलं तर एका ओळीत सावरून घेत होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या बायकांनी विचारपूर्वक, नियम बांधून जे उभं केलं, ते इथं विना-नियमावली चाललं होतं. नियम नव्हते असं नाही. कोणी ते लिहिले नव्हते इतकंच.

पांढरकवड्याकडे ढेमसा पाहिला. तिथं म्होरक्या म्हणजे ढोल. वाजवणाऱ्यानं चाल बदलली की पावलं बदलतात, रांगेतून रांगेत बदल सरकत जातो. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला राजगोंडांचा गुसाडी नाच आहे, दिवाळीच्या दिवसांतला, मोरपिसांचे उंच मुकुट घालून केलेला. तो शिकवत आलेले मारलवाईचे कनक राजू यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं 2024 मध्ये निधन झालं. त्या सन्मानाची बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला, आणि लाजही वाटली की घरापासून काही तासांवर असलेली ही विद्या मी स्पर्धेच्या गटाचं नाव म्हणूनच ओळखत होते.

या सगळ्याला एकच म्हणणं मला मान्य नाही. तीज हा विधी आहे, त्यातल्या मुलींसाठी त्या गव्हाच्या अंकुरांना अर्थ आहे. ढेमशाला गोंडांच्या देवाधर्माचा आणि सणावाराचा संदर्भ आहे. कॅलिफोर्नियातला नाच हा रंगमंचासाठी घडवलेला कलाप्रकार आहे, आणि तो तसा म्हणूनच मला आवडतो. त्याच्या पोशाखाबद्दल मात्र माझ्या मनातली टोचणी गेलेली नाही. चोळी आपल्याकडची, आरसे, कवड्या, गोंडे आपल्याकडचे आणि अफगाणिस्तानातले. तिथं हे सगळं रंगमंचावर दिमाखानं चमकतं. इथं फेटिया (घागरा) आणि कांचळी (चोळी) घालून, हातात बलिया, कानांवर घुगरी लटकवून एसटीत चढलेल्या बंजारा बाईकडे लोक कसे बघायचे हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. तिच्या नातींनी तो पोशाख सोडला त्याचं एक कारण ती नजर आहे. आता जुन्या फेटियांचे तुकडे कापून पर्सा शिवल्या जातात. त्या कापडाचं कौतुक दूरदेशी होतं याचं मला वाईट वाटत नाही; ते घालणाऱ्या बाईचं इथं झालं नाही, याचं वाटतं.

बसवलेल्या नाचावरचं माझं प्रेमही कमी झालेलं नाही. काही गोष्टी आखल्याशिवाय होतच नाहीत. पण तांड्यावरच्या मुलींना मी ध्वनिमुद्रित गाणं देऊन व्ही आकारात उभं करते तेव्हा नेमकं काय काढून घेते, हे आता मला दिसतं. गाणं मोबाइलवर गेलं की ओळ उचलणाऱ्या बाईचा अधिकार गेला. ती दोनदा म्हणेल की चारदा, हा प्रश्नच संपला. गोल मोडून तोंडं प्रेक्षकांकडे केली की मुली एकमेकींना दिसेनाशा होतात. मग त्यांना एकत्र ठेवायला पाठांतराशिवाय दुसरं काही उरत नाही, आणि त्या पाठांतराला आम्ही एकसारखेपणा म्हणून गुण देतो. लहानपणापासून एकमेकींचं ऐकत नाचायला शिकलेल्या मुलींची ती ताकद स्पर्धेत निरुपयोगी ठरते.

माझ्या वर्गात आता कथकचा तास संपल्यावर थोडा वेळ गोल धरायचा असतो. लेहरा चालू, पुढं कोण हे ठरलेलं नाही, रचना नाही. कथकचीच पावलं, तत्कार, साधी गिरकी. जिला सुचेल तिनं खूण करायची, बाकीच्यांनी घ्यायची. सुरुवातीला हुशार मुली सगळ्यांत जास्त अडखळल्या, कारण त्यांना पुढं राहायची सवय. ज्या मुलीला मी कधीच पहिल्या रांगेत उभी केली नव्हती, ती या गोलात सगळ्यांत आधी खूण ओळखते. ती दारव्ह्याकडच्या तांड्यावरची आहे. तिच्याकडून आम्ही आता आवाजानं खूण द्यायला शिकतोय.

स्पर्धेचं परीक्षण करायचं बोलावणं आलं की मी आयोजकांना आधीच दोन गोष्टी सांगते. बंजारा, गोंड आणि कोलाम नृत्यांचे गट वेगळे करा, आणि जे पथक स्वतः गाऊन-वाजवून नाचेल त्याला एकसारखेपणाचा रकाना लावू नका. त्या जागी, म्होरकी बदलली तेव्हा गट एकत्र राहिला का, हे बघू द्या. काहींना हे पटतं. काहींची गुणपत्रिका आधीच छापून झालेली असते. त्यांनी परीक्षक दुसरा बघावा, असं मी स्पष्ट कळवते.